आळीतलं गुप्त मतदान

‘निवडणुकीच्या विविध पद्धतींचे गुणदोष स्पष्ट करा’ हा प्रश्न मी राज्यशास्त्राच्या पेपरात जवळजवळ तीस वर्षं घातला. दहा मार्कांना असायचा. मुलं उत्तर पाठ करून यायची. साध्या बहुमताची पद्धत सोपी, पण पडलेल्याची मतं वाया जातात. प्रमाणशीर प्रतिनिधित्व न्याय्य, पण त्यातून कडबोळ्याची सरकारं येतात. पसंतीक्रमाची पद्धत मतदाराच्या मनाला जास्त वाव देते, पण मोजणाऱ्याचा घाम काढते. हात वर करून मतदान उघड, म्हणून दबावाचं. गुप्त मतदान निर्भय. या शेवटच्या वाक्यापाशी आलं की माझं लाल पेन थबकायचं. वाक्य पुस्तकातलं होतं, त्याला चूक म्हणता येत नव्हतं. मी बरोबरची खूण करायचे आणि पान उलटायचे. हा धडा शकुंतलाबाई एका तासात का उरकतात, असं तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं विचारलं नाही. विद्यार्थ्यांना तास लवकर संपला की आनंदच असतो. आता विचारायला कोणी उरलं नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आमचं घर पुण्यात, कसबा पेठेत, तांबटांच्या आळीत. मागं दोन खोल्या आणि पुढं कारखाना. कारखाना म्हणजे जमिनीत पुरलेलं लाकडाचं खोड, त्यात ठोकलेली लोखंडी ऐरण, भट्टी, आणि चारी भिंतींना टेकवलेले हंडे, बंब, घंगाळं. सकाळी आठला पहिला हातोडा पडायचा आणि मग संध्याकाळी सहापर्यंत आळीभर ठणाणा. पाहुणे कानांवर हात ठेवून म्हणायचे, “या आवाजात राहता तरी कसे हो?” आई म्हणायची, “तुम्हाला कुठं राहायला सांगितलंय.” आम्हा पोरांना तो आवाज ऐकूच यायचा नाही, थांबला की मात्र दचकायला व्हायचं. मठारकाम सुरू झालं की, म्हणजे घडवलेल्या भांड्यावर अंगभर ठोक्यांची नक्षी उठवून त्याला मजबुती आणायचं काम, तेव्हा बोलणं अशक्यच. मग सगळी आळी खुणांनी बोलायची. पाणी, जेवण, गिऱ्हाईक आलंय, पोलीस आलाय, सगळ्याला हाताच्या खुणा होत्या. डोळे मिटून बसलं तरी मला सांगता यायचं की पलीकडे बंब चाललाय की कळशी, पत्रा जाड आहे की पातळ, ठोका म्हाताऱ्याचा आहे की नव्यानं बसलेल्या पोराचा. यात माझी काही हुशारी नव्हती. आळीतल्या कोणालाही ते यायचं.

कोणालाही म्हणजे, ज्याचे कान शाबूत होते त्याला. चाळीस वर्षं तांब्यावर ठोके घालणाऱ्याच्या कानांचं काय होतं ते सांगायला डॉक्टर नको. माझे वडील, आबा, पन्नाशीच्या आत निम्मेअधिक बहिरे झाले होते. पण हा शब्द आमच्या घरात उच्चारायचा नाही असा आईचा दंडक होता. कारण तयार भांडं बोटाच्या पेरानं वाजवून बघतात. आत केसाएवढी चीर असली तर आवाज फुटका येतो. ज्याला तो फुटका आवाज ऐकू येत नाही तो तांबट संपला. म्हणून आबा प्रत्येक भांडं वाजवायचे, मान हलवायचे, आणि ते पाठमोरे झाले की माझा सदूकाका, शेजारच्याच घरात राहणारा आबांचा धाकटा भाऊ, तेच भांडं हळूच पुन्हा वाजवून बघायचा. आई त्यांना जेवायला हाक मारत नसे. मला पाठवायची, मी जाऊन खांद्याला हात लावायचे. बोलायचं तर समोर उभं राहून, तोंड दिसेल असं. आबांना वाटायचं जगच बदललंय. “हल्ली सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात,” असं ते कुरकुरायचे. आणि आम्ही काही बोललो आणि त्यांनी “काय म्हणालात?” विचारलं, की आई म्हणायची, “काही नाही.” त्या दिवसांत आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा बोललं गेलेलं वाक्य हेच असावं.

संध्याकाळी हातोडे थांबले की मी आबांना वाचून दाखवायचे. ते चौथी शिकलेले, पण वाचलेलं ऐकायची त्यांना फार हौस. समोर कंदिलाच्या उजेडात चुलीपाशी आई भाकरी थापायची, मटकीच्या उसळीचा वास यायचा, आणि मी त्यांच्यासमोर मांडी घालून जवळजवळ ओरडत वाचायचे. शेजारणी म्हणायच्या, शकू पाठांतर काय मोठ्यानं करते. गोष्टी, वर्तमानपत्र, जे असेल ते चालायचं, पण नववीत गेल्यावर नागरिकशास्त्राचं पुस्तक आलं आणि आबांनी बाकी सगळं बंद केलं. मतदार म्हणजे कोण, मतपत्रिका कशी असते, एका मताला एकच किंमत कशी, हे ते पुन्हा पुन्हा वाचायला लावायचे. गुप्त मतदानाचं पान तर इतक्या वेळा वाचलं की त्याचा कोपरा दुमडून तुटला. “म्हणजे बायकोलासुद्धा कळत नाही?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं नाही कळत. आई चुलीपासून म्हणाली, “बायकोला सगळं कळतं. तुम्ही पानावर या.”

या वेडामागं कारण होतं. आळीत छत्तीस घरं, आणि छत्तीस घरांचं एक मंडळ. मंडळाच्या अध्यक्षाला तोवर काही काम नसायचं. नवरात्रात कालिकामातेच्या देवळात पुढं बसायचं, एवढंच. तांब्याचा पत्रा यायचा तो शेठकडून, आणि घडवलेली भांडी जायची ती शेठकडेच. त्यांचं खरं नाव आळीत कोणी घेत नसे, नुसतं शेठ. ते वाईट माणूस नव्हते, हे मी मुद्दाम लिहिते. कोणाला धमकी दिली नाही, आवाज चढवला नाही, मला भेटले की परीक्षेत कितवी आलीस ते विचारायचे. फक्त ज्याच्यावर त्यांची नाराजी असेल त्याचा पत्रा ‘अजून आला नाही’ असं व्हायचं. आणि पत्रा नाही म्हणजे हातोडा बंद. त्या वर्षी असं कळलं की कारागिरांच्या मंडळानं अर्ज केला तर सरकारकडून पत्रा थेट मिळेल, अर्जावर अध्यक्षाची सही हवी. आबा उभे राहिले. निवडून आलो की आठवड्यात अर्ज करतो, म्हणाले. समोर गणपतराव. गणपतराव साधे होते, म्हणायचे, “मला बाबा त्या कागदातलं कळत नाही, सही करून शेठच्या हातात देईन, ते बघतील.” बस, एवढंच ठरायचं होतं. पण एवढ्यावर छत्तीस घरांची पुढची सगळी वर्षं अवलंबून होती, आणि सगळ्यांना ते माहीत होतं.

मत कसं घ्यायचं यावर आमच्या कारखान्यात आबा आणि सदूकाका यांच्यात जी चर्चा झाली तिच्याइतकी चांगली चर्चा मी पुढं कुठल्या चर्चासत्रातही ऐकली नाही. पूर्वी चिठ्ठ्या टाकत. देवीसमोर नावं घड्या करून ठेवायची आणि कुमारिकेनं एक उचलायची. सात वर्षांची असताना मीच उचलली होती आणि ज्याचं नाव निघालं तो गृहस्थ दुपारी बारानंतर शुद्धीत नसायचा. दोन वर्षं तो आमचा अध्यक्ष होता.

“चिठ्ठीला अक्कल नसते, दादा,” काका म्हणाला.

“नसते. पण भीतीपण नसते तिला,” आबा म्हणाले.

मग कौल. देवीच्या दोन्ही खांद्यांना फूल चिकटवायचं, ज्या बाजूचं आधी पडेल तो निवडून आला. त्यावर आबाच म्हणाले की ओलं फूल उशिरा पडतं हे देवीला माहीत नसेल, गुरवाला माहीत आहे. मग हात वर करणं. तीन वर्षांपूर्वी आबांनीच मंडळात विचारलं होतं की आपलं स्वतःचं गोदाम असावं असं कोणाकोणाला वाटतं. शेठ दारात सहज उभे होते. चार हात वर झाले. संध्याकाळी हात खाली ठेवलेली माणसं एकेक करून घरी येऊन चहा पिऊन गेली. “आबा, मनातनं तुमच्याच बाजूला होतो,” प्रत्येकाचं हेच. आई कप विसळता विसळता म्हणाली, “मनातला हात जरा वर केला असतात तर खांदा दुखला असता का?” कागदावर नाव लिहून घ्यावं तर निम्म्यांना लिहिता येत नाही, आणि उरलेल्यांचं अक्षर शेठच्या दिवाणजींना पाठ.

शेवटी आबांना युक्ती सुचली, आणि ती माझ्या पुस्तकातून सुचली म्हणून मलाही तिचा अभिमान होता. दोन हंडे. एकाला हळद, तो आबांचा. एकाला कुंकू, तो गणपतरावांचा. दोन्ही देवळाच्या सभामंडपात, पडद्याआड. पत्र्याच्या कातरणातून छत्तीस सारख्या टिकल्या कापायच्या, रुपयाएवढ्या. प्रत्येक घरातल्या एकानं एक टिकली घ्यायची, पडद्याआड जायचं, हव्या त्या हंड्यात टाकायची. लिहायला नको, हात वर करायला नको. आवाज होऊ नये म्हणून हंड्यांच्या तळाशी गोणपाटाच्या दोन घड्या. मंडळानं मान्य केलं. शेठसुद्धा म्हणाले, छान आहे, काळाप्रमाणे चालायला हवं.

आदल्या दिवशी दुपारी आबांनी ते हंडे कारखान्यात मांडले. एक ते दोन आळीची जेवायची सुट्टी, हातोडे बंद. हळदीचा हंडा आबांच्या हातचा, जाड पत्र्याचा. कुंकवाचा सदूकाकाच्या हातचा, पातळ. दिसायला जुळे. काका बुधवार पेठेत काही आणायला गेला होता, आई आत भाकऱ्या करत होती. आबांनी एक टिकली घेतली आणि हळदीच्या हंड्यात सोडली. ती तळाला पोचायच्या आधी आतून पोटाला लागली आणि ‘ठण्’ असा भरलेला आवाज आला. मग दुसरी, कुंकवाच्या हंड्यात. ‘टिण्.’ गोणपाट तळाला होतं. टिकली सरळ तळाला जात नव्हती.

आबा माझ्याकडे वळले. “आला का गं आवाज?”

त्या वेळी माझ्या मनात काय चाललं होतं ते मी आयुष्यभर तपासलं आहे, आणि दर वेळी थोडं वेगळं सापडतं. ‘आला’ म्हणायचं म्हणजे त्यांना सांगायचं की मला येतो, तुम्हाला येत नाही. आईचा दंडक होता. शिवाय माझा असा हिशेब की आळीत दिवसभर एवढे हातोडे चालतात, त्यात टिकलीचा आवाज कोणाला ऐकू येणार? आणि पंधरा वर्षांच्या पोरीला बापाच्या तोंडावरचा आनंद घालवायचा नसतो, हेही होतं. आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता. आईनंही ऐकलं होतं.

“नाही,” मी म्हटलं.

“दुसऱ्यात?”

“नाही आला.”

आत भाकरी थापणं पुन्हा सुरू झालं. आबांनी टिकल्या काढून फडक्यात बांधल्या. हंड्यांच्या तोंडाशी एकेक कापड सैल बांधू या, असं मी सहज म्हणू शकले असते, कारण सांगायचीही गरज नव्हती. हे सुचायला मला चाळीस वर्षं लागली, आणि तेही एकदा कढईवर झाकण ठेवताना.

मतदान अमावास्येला होतं. अमावास्येला तांबटांची सुट्टी असते, आळीत एकही हातोडा पडत नाही. हे मला जन्मापासून माहीत होतं आणि त्या दुपारी डोक्यात आलं नव्हतं. आईनं सकाळीच सांज्याच्या पोळ्या करायला घेतल्या होत्या, आबांना आवडतात म्हणून, संध्याकाळी लोक येतील म्हणून. बायका आणि पोरी देवळाच्या पायऱ्यांवर बसलो होतो. सभामंडपात सतरंज्या, मध्ये आबा धुतलेल्या टोपीत, समोर सदस्यांची यादी. आत जाणाऱ्याच्या नावापुढे खूण करायचं काम त्यांच्याकडेच. दाराशी शेठना खुर्ची दिली होती. ते गणपतरावांशी हवापाण्याचं बोलत होते. पहिला माणूस पडद्याआड गेला. ‘ठण्.’ दुसरा गेला, ‘ठण्.’ तिसरा, ‘टिण्.’ आता मंडपातल्या माना हळूहळू वर व्हायला लागल्या. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. बघायची गरज नव्हती. डोळे मिटून पत्र्याची जाडी सांगणारी माणसं होती ती, आणि जाड हंडा आबांचा, पातळ काकाच्या हातचा, हे आळीत कोणाला सांगायला नको होतं. पहिल्या सातांपैकी पाच जणांनी आबांना मत दिलं. म्हणजे लोकांच्या मनात आबा होते, हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

सातव्या टिकलीनंतर शेठ बोलायचे थांबले. त्यांनी मान खाली घातली, दोन्ही हात काठीवर ठेवले आणि नुसते बसून राहिले. त्यांनी कधी हातोडा धरलेला नव्हता, त्यांचे कान स्वच्छ होते. आठवा माणूस उठला, त्यानं जाताना शेठकडे पाहिलं, आणि आत गेला. ‘टिण्.’ नववा, ‘टिण्.’ दहावा, ‘टिण्.’ आणि आबा खूण करत होते, प्रत्येकाकडे बघून हसत होते, पुढच्याला हातानं या म्हणत होते. त्यांना वाटत होतं आपल्या आळीत इतिहास घडतोय. मध्येच एखादा म्हातारा जायचा आणि एकदम ‘ठण्’ वाजायचं. सगळे दचकायचे. असे पाच म्हातारे झाले. पाचही जण आबांसारखेच, कान गेलेले. त्यांना आवाज येत नव्हता, म्हणून त्यांनी मनासारखं मत दिलं. त्या दिवशी मतदान गुप्त होतं ते एवढ्यांच्यापुरतं.

सदूकाका अर्ध्यावर उठला. पडद्याआड तो बराच वेळ होता. मी डोळे मिटून घेतले होते, पण कान मिटता येत नाहीत. ‘टिण्.’ त्याच्याच हातचा हंडा. बाहेर आला तो आधी आबांकडे बघेना, मग पायऱ्यांकडे त्याची नजर आली आणि मी दिसले. आबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. सगळ्यात शेवटी आबा स्वतः गेले. त्यांची टिकली पडली तेव्हा ‘ठण्’ असा इतका स्वच्छ आवाज झाला की मंडपात सगळ्यांनी माना खाली घातल्या. अकरा आणि पंचवीस. आबांनी दोनदा मोजलं, मग उठून गणपतरावांना हार घातला.

संध्याकाळी कोणी आलं नाही. या वेळी ‘मनातनं तुमच्याच बाजूला होतो’ म्हणायलाही नाही. पोळ्यांची चळत परातीत तशीच होती. पुढं तीन दिवस आम्ही त्या दुधात बुडवून खाल्ल्या. आबा जेवायला बसले, एक घास घेतला आणि म्हणाले, “हात वर केले होते तेव्हा म्हणता आलं, लोक घाबरतात. आता काय म्हणू? आता तर कोणाला कळत नव्हतं.” आई म्हणाली, “अहो, जेवा.” ते तिनं खाली मान घालून म्हटलं, त्यांना ते ऐकू गेलं नाही. मग त्यांनी मला विचारलं, “पद्धत नीट होती ना, शके?” मी त्यांच्या समोर होते, तोंड दिसेल अशी. मी म्हटलं, “हो, आबा, अगदी पुस्तकातल्यासारखी.” त्यांनी मान हलवली. “मग खरंच आहे ते. मी नको आहे त्यांना.” ते रडले नाहीत. रडले असते तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले.

दुसऱ्या दिवशी काकानं मला नळावर गाठलं. “ऐकलंस ना?”

“हो.”

“शेठ कान देऊन बसले होते. आपला पत्रा थांबला असता तर दादा काय आणि मी काय, दोघं घरी बसलो असतो. माझ्या एका मतानं काय तो निवडून येत होता?” मी कळशी नळाखाली सरकवली. मग तो म्हणाला, “वहिनी म्हणत होती, तुला आदल्या दिवशीच माहीत होतं.” त्यात रागबिग काही नव्हता. आपण दोघं एकाच बाजूचे, असं काहीतरी होतं, आणि तेच मला सहन झालं नाही. त्यानंतर मी काकाशी कधी नीट बोलले नाही. खरं तर त्याच्यावर रागवायचा मला काय हक्क होता.

पत्रा वेळेवर येत राहिला, शेठच्या गोदामातून. आबा काम करत राहिले, पण मंडळाच्या बैठकीला पुन्हा गेले नाहीत आणि संध्याकाळी वाचून दाखव असंही कधी म्हणाले नाहीत. मी एकदा पुस्तक घेऊन समोर बसले तर म्हणाले, “कळलं मला सगळं त्यातलं.” भांडी वाजवून बघायचंही त्यांनी सोडलं. तयार हंडा नुसता काकाकडे सरकवायचे. अकरा वर्षं असेच जगले, फारसं न बोलता, आणि गेले. त्यांना लोकांबद्दल जे कळलं ते खोटं होतं, आणि ते खोटं माझं होतं.

मी मग हाच विषय घेऊन शिकले, शिकवला. वर्गात फळ्यावर उदाहरण कायम एकच: छत्तीस मतदार, अकरा मतं. साध्या बहुमतात अकरा म्हणजे शून्य. पाच जणांची समिती प्रमाणशीर पद्धतीनं निवडली असती तर अकरांना दीड जागा. म्हणजे एक तरी माणूस, एक तरी खुर्ची, अर्ज करू या म्हणणारं एक तोंड. चिठ्ठी टाकली असती तर निम्मी शक्यता, आणि हरले असते तरी देवीच्या नावानं बोटं मोडता आली असती. पुण्यात प्रभाग कधी एकाचा असतो, कधी दोघांचा, तिघांचा, चौघांचा, आणि दर वेळी तज्ज्ञ मंडळी पेपरात त्याचे गुणदोष लिहितात. मी वाचते. बोटाला शाई लावून येते. हल्लीच्या मतदानयंत्राचं बटण दाबलं की लांबलचक शिट्टी वाजते, कोणाच्याही नावापुढचं दाबलं तरी तीच. पहिल्यांदा ती ऐकली तेव्हा मी मतदान केंद्रात रडले होते आणि तिथल्या बाईंनी मला खुर्ची दिली होती.

आता मी खराडीत राहते, मुलीकडे. अकराव्या मजल्यावर. इथल्या सोसायटीतही निवडणुका होतात, मोबाइलच्या ग्रुपवर. कोणी कशावर बोट ठेवलं ते नावासकट सगळ्यांना दिसतं. चेअरमन आधी ठेवतात, मग पाच मिनिटांत भराभर सगळे. मी जावयाला म्हटलं, हे आमच्या हात वर करण्यासारखंच झालं. तो म्हणाला, “पण सो कन्व्हीनियंट ना, आई.” सोसायटीच्या सभेला मी एकदा जाऊन आले. माणसं हल्ली फार पुटपुटतात, एक शब्द धड कळला नाही. घरी येऊन मुलीला तसं म्हटलं, तर ती नातीला काहीतरी म्हणाली. मी विचारलं, काय म्हणालीस? तर म्हणे, काही नाही.

आबांचा तो हळदीचा हंडा माझ्याकडे आहे. हॉलमध्ये शोभेला ठेवलाय, पाहुणे कौतुक करतात. गेल्या आठवड्यात मी तो चिंच लावून घासला. कपाटातल्या डब्यात चार टिकल्या आहेत, काळ्या पडलेल्या. त्यातली एक घासून लख्ख केली आणि कोरड्या हंड्यात सोडली. तळाला गोणपाट नव्हतं, काही नव्हतं. मी वाट बघितली. पुन्हा एक टाकली. माझी नात ईरा सोफ्यावर मोबाइल घेऊन बसली होती. तीही आता पंधराची आहे.

“आवाज आला का गं?” मी विचारलं.

तिनं मान वर केली. स्वयंपाकघराच्या दारात तिची आई उभी होती, तिच्याकडे एकदा पाहिलं. मग माझ्याकडे वळून, ओठ नीट हलवत, ती म्हणाली, “नाही, आजी.”

मी तिच्या तोंडाकडे बघत होते. आपल्या माणसाला जपण्यासाठी खोटं बोलताना पंधरा वर्षांच्या मुलीचा चेहरा कसा होतो, ते मी पहिल्यांदाच समोरून पाहिलं. त्यातलं काहीसुद्धा लपत नाही. त्या दुपारी आबाही असेच हातभर अंतरावरून माझ्या तोंडाकडे बघत होते. मग ते वाकले, टिकल्या फडक्यात बांधल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही हंडे स्वतः उचलून देवळात घेऊन गेले.